पायपुसण्यावरचे साडेसहा तास

२४ जानेवारी

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

पंधरा दिवसांपूर्वी एका सोमवारी सकाळी मी नेहमीसारखा पाचला उठलो. आंघोळ केली, देवापुढे दोन मिनिटं डोळे मिटून उभा राहिलो, चहाचं आधण ठेवलं. साहेबांचा सदरा खुर्चीच्या पाठीवर घातला, कॉलर खिडकीकडे आणि बटणं भिंतीकडे. तसं नसेल तर आपल्या धाकट्या भावाचा दिवस सुरू होत नाही, हे तुला सांगायला नको. वडिलांनी उगीच त्याचं नाव साहेब ठेवलं नव्हतं. सव्वासहाला साहेब तयार होऊन दाराशी, पायपुसण्यावर पाय जुळवून उभे. मी कडी काढायची, मग ते गॅलरीच्या टोकाला संडासला जाणार, मग चहा, मग आम्ही दोघं दुकानात. बेचाळिसावं लागलं तरी क्रम तोच.

मी कडीकडे निघालो आणि पाय घसरून पडलो. डोक्याला टेंगूळ आलं, थोडा वेळ पडून होतो. आता बरा आहे, काळजी करू नकोस. दुकानात पुस्तकबांधणीची कामंही वेळेवर चालली आहेत.

पण तेव्हापासून एक भीती मनात बसली आहे. मी उठलोच नसतो तर कडी कोणी काढली असती? साहेबांचा हात सहज पोचतो, अंगात ताकद माझ्या दुप्पट आहे. पण ते कडीला बोट लावणार नाहीत. ‘आधी दादा’ एवढंच म्हणतील आणि उभे राहतील. बाहेरून कोणी दार बडवलं तरीही.

मला आता त्यांना कडी काढायला शिकवायचं आहे. म्हणून विचारतो. ती काढायची नाही हे तू त्यांना कसं शिकवलंस? ते नऊ वर्षांचे होते आणि मी बांधणीचं काम शिकायला बाहेरगावी होतो. सुट्टीत आलो तेव्हा शिकवणी आटोपली होती. कसं घातलं ते कळलं तर कसं काढायचं ते कळेल. सविस्तर लिही. फोनवर नको, साहेब समोरच बसलेले असतात आणि आपलं नाव निघालं की कागदांच्या घड्या घालायचे थांबतात.

तुझा
दादा


३ फेब्रुवारी

चि. दादास अनेक आशीर्वाद.

पडलास आणि पंधरा दिवसांनी कळवतोस. डोक्याला तेल चोळ आणि ओल्या फरशीवर चालताना खाली बघत जा. लहानपणीही तू वर बघतच चालायचास.

कडीचं मात्र मनातून काढून टाक. तू तेव्हा घरी नव्हतास, म्हणून तुला हे सुचतं. त्या दिवशी दुपारी तो दार उघडून गेला आणि दिवेलागणीला घरासमोरच्या खाणीत सापडला. छातीपर्यंत पाण्यात. एक पत्र्याचा डबा तरंगत होता, तो बोटाने गोल गोल फिरवत होता. अख्खा गाव हाका मारत होता आणि याला ऐकूच येत नव्हतं. वडील कपड्यांनिशी उतरले. मला अजून भरलेल्या पिंपात वाकून बघवत नाही. तुझ्या घरासमोर खाण नाही, पण ट्रक तर जातात ना दिवसभर? कडी आहे म्हणून तो आज आहे.

कसं शिकवलं ते आता आठवत नाही. लहान होता, सांगून सांगून शिकला.

दुसरं लिहायचं ते असं. सूनबाईने मला सिनेमाला नेलं. असाच एक मोठा मुलगा आणि त्याला सांभाळणारी बहीण. मी इतकी रडले की सूनबाई म्हणाली, “आई, पुढच्या माणसाची कॉलर भिजेल.” शेवटी ती बहीण त्याला एका संस्थेत ठेवते. झाडं, बाक, सगळं स्वच्छ. तो खिडकीतून हात हलवतो. मला वाटलं, देवानेच दाखवलं. तुमच्यापासून चार तासांवर अशी एक संस्था आहे, तिचा फॉर्म पाठवते आहे. तू बघ तो सिनेमा.

थकला असशील तर थकलो म्हण, दादा. बहिणीपाशी कसली लाज? त्यासाठी कडीचं निमित्त नको.

ताई


१२ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

फॉर्म मिळाला. दुकानातल्या खणात ठेवला आहे.

रविवारी दुपारच्या खेळाला आम्ही दोघं जाऊन आलो. कडेच्या खुर्च्या घेतल्या. साहेबांनी पडद्याकडे पाहिलंच नाही. बाहेर जायच्या दारावर लाल दिवा होता, सगळा वेळ त्याच्याकडे बघत बसले. शेजारच्या बाई रुमालात नाक पुसत होत्या. मध्यंतरात त्यांनी साहेबांकडे जरा न्याहाळून पाहिलं आणि मला हळूच विचारलं, “तुमचे हेसुद्धा तसेच का?”

“हो.”

“मग यांच्यात काय असतं विशेष? तो बघा ना, एकदा बघून अख्ख्या शहराचा नकाशा काढतो.”

“हे फर्मे घालतात.”

“म्हणजे?”

“छापील कागद दुमडतात. पुस्तक शिवायच्या आधी.”

“हो का,” म्हणाल्या. साहेबांनी त्यांची निराशा केली.

मध्यंतरानंतर ती बहीण स्टुलावरून पडते, आठवतं? भाऊ धावत येतो, डोक्याखाली उशी ठेवतो, फोन लावून पत्ता सांगतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. साहेबांनी लाल दिव्याकडे बोट करून विचारलं, “आधी दादा?” मी त्यांना घेऊन बाहेर आलो. शेवट मी पाहिलाच नाही.

ताई, मी घसरलो नव्हतो. कडीकडे जाताना डोळ्यांपुढे अंधार झाला आणि जाग आली तेव्हा जमिनीवर होतो. टेबलाचा कोपरा डोक्याला लागला होता. शुद्ध येत होती, जात होती. उठायला गेलं की खोली फिरायची आणि आवाज फुटत नव्हता. सव्वासहाला पडलो आणि समोरच्या दवाखान्यातले कंपाउंडर गॅलरीच्या खिडकीची काच फोडून आत आले तेव्हा पावणेएक वाजला होता.

ते नऊ वाजताच येऊन गेले होते. दुकान बंद दिसलं म्हणून. दार वाजवून म्हणाले, “दादा आहेत का?” आतून साहेब म्हणाले, “आधी दादा.” त्यांना वाटलं आमची तयारी चालली आहे. ते गेले. जिन्यावरून उतरणारी त्यांची पावलं मी ऐकली. तसं काही पुन्हा ऐकायला लागू नये.

मला दिसत होतं ते एवढंच. दार, पायपुसणं आणि त्यावर पाय जुळवून उभा असलेला तो. पाठ माझ्याकडे. तीन पावलांचं अंतर. साडेसहा तासांत एकदाही तो वळला नाही. उभ्या उभ्या कपड्यांत झाली, पाणी पायांवरून पायपुसण्यात मुरलं, तरी हलला नाही.

हृदयाचा ठोका मधेच चुकतो असं डॉक्टर म्हणतात. पुन्हा होणार. छातीत एक मशीन बसवायचं आहे, नंबर मे महिन्याच्या अखेरीचा लागला आहे. तोवर रोज सकाळी सव्वासहाला कडीकडे जातो तो भिंतीला धरून.

आणि मरणाच्या भीतीहून वेगळं एक आहे, ते फक्त तुला लिहितो. बत्तीस वर्षं त्याच्या डोळ्यांसमोर आहे मी. पडलो तर त्याने निदान वळून बघावं ना? त्याच्या लेखी मी दार उघडायच्या आधी म्हणायचा एक शब्द आहे का फक्त?

दादा


५ मार्च

चि. दादास आशीर्वाद.

तुझ्या पत्राला तीन आठवडे झाले. चार पत्रं लिहिली आणि फाडली. हे पाचवं वाचून न बघता पेटीत टाकणार आहे.

मी तुला खोटं लिहिलं. कसं शिकवलं ते मला दिवसागणिक आठवतं.

खाणीनंतर तो आणखीनच कडीला लागला. हातावर मारून पाहिलं, गोड देऊन पाहिलं, कडीला कापड बांधून पाहिलं. काही उपयोग झाला नाही. एक दिवस त्याने कडी काढली, मी मागून धावले आणि अडखळून दारातच पालथी पडले. वारा सुटला होता, दार आपटत होतं. थोडा वेळ मला श्वासच घेता येईना. डोळे उघडले तर तो परत आला होता. पायपुसण्यावर उभा राहून माझ्याकडे बघत होता. कधी कोणाकडे असा बघायचा नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पडले.

त्याने कडीला हात लावला की मी पडायची. डोळे मिटून, श्वास धरून. तो रडायचा, केस ओढायचा, मी उठायची नाही. मागे सरून पायपुसण्यावर गेला, हात खाली सोडले, पाय जुळवले, की मग मी डोळे उघडायची. आई म्हणायची, “पोरी, असलं मेल्याचं सोंग आणू नये.” मी चाळीस दिवस आणलं. एकेचाळिसाव्या दिवशी त्याने कडीकडे पाहिलंही नाही. वडिलांनी माझं केवढं कौतुक केलं. माझ्या लग्नात सगळ्यांना सांगत होते, आमच्या लेकीने जमवलं ते डॉक्टरांनाही जमलं नसतं.

आता तू विचारलंस त्याचं उत्तर. तो दार उघडायची वाट बघत नव्हता, दादा. तू पडलास म्हणजे आपल्या हातून काहीतरी चुकलं, एवढं त्याला समजलं. आणि चुकलं की काय करायचं हे मी त्याच्या हाडात घातलंय. पाय जुळवून हलायचं नाही, म्हणजे पडलेलं माणूस उठतं. तुला तसं सोडवेना म्हणूनच तो त्या पायपुसण्यावर भिजत उभा राहिला.

तो साडेसहा तास तुला उठवत होता.

मला रागाने लिहायचं असेल तर लिही.

ताई


१५ मार्च

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र दुकानात आलं. साहेब समोर घड्या घालत होते. पहिल्यांदा वाचलं, पुन्हा वाचलं, आणि उठताना खळीचं पातेलं माझ्या हातून लवंडलं. साहेबांनी खळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि उठून दाराजवळ जाऊन पाय जुळवून उभे राहिले. मी “काही नाही झालं, या” म्हणेपर्यंत उभे होते. असं ते वर्षानुवर्षं करत आले आहेत. मला वाटायचं, कंटाळले असतील.

राग कसला येणार? तू चोवीस वर्षांची होतीस, घरात कोणालाच काही कळत नव्हतं, आणि मी लांब बसून पुठ्ठे कापत होतो.

करायचं काय ते आता मला स्पष्ट दिसतं आणि त्याचीच धास्ती वाटते. तुझीच शिकवणी उलटी फिरवायची. मी पडायचं. तो पायपुसण्यावर गेला तर उठायचं नाही. कडीला हात लागला तरच उठायचं.

सोमवारी करून पाहिलं. सव्वासहाला दारापासून तीन पावलांवर आडवा झालो, डोळे मिटले. सोंग आणून पडलेल्याचा ठोका खरोखरच चुकला तर, हे आधी मनात आलं. मग त्याचा आवाज येऊ लागला. रडणं नव्हे. नाकातून बारीक सूर. डोळा किलकिला करून पाहिलं तर त्याने पाय एकमेकांवर इतके दाबले होते की घोटे पांढरे पडले होते. आणखी नीट उभं राहिलो तर उठेल, असं चाललं होतं त्याचं. मग त्याने स्वतःचं मनगट दातात धरलं. रक्त आलं.

मी उठलो. अकरा मिनिटं झाली होती.

देवापुढे उभं राहायची लाज वाटते. मेल्याचं सोंग करायचं आणि त्यासाठी बळ त्याच्याकडेच मागायचं. तरी मागतो.

तू म्हणतेस तेही खोटं नाही. कडी काढायला शिकला आणि एक दिवस माझ्या नकळत रस्त्यावर गेला तर? खणातला फॉर्म दोनदा काढून पाहिला. त्यात एक प्रश्न आहे, ‘आणीबाणीच्या प्रसंगी इतरांना कळवू शकतो का?’ शेजारी हो-नाहीचे चौकोन आहेत. एकावरही खूण करता आली नाही.

दादा


२३ मार्च

चि. दादास आशीर्वाद.

अर्ध्यात उठलास ते वाईट केलंस. आता त्याला वाटेल, मनगट चावलं की दादा उठतो. मीही तेव्हा एकदा आईच्या बोलण्याने मधेच उठले होते. त्याने दहा दिवस वाढले.

मी यायला निघाले होते, पिशवी भरली होती. मग लक्षात आलं, मला पाहिलं की तो पायपुसण्यावरच जाणार. आता मशीन बसवायच्या वेळी येईन आणि महिनाभर राहीन. सूनबाईला सांगून ठेवलंय, तिने “खुशाल जा, इथे आम्हाला जरा गोड खायला मिळेल” म्हणून हसत होकार दिला.

मनगटाला जाड फडकं बांध, दोन्ही हातांना. कंपाउंडरांना सांगून ठेव. आणि एकदा पडलास की उठू नकोस. तो रडला तरी, तू रडलास तरी. हे वाक्य मीच दोनदा खोडून पुन्हा लिहिलंय, पण उठू नकोस.

ट्रकांचं मी तुला सांगितलं होतं. ते मागे घेत नाही. भीती आहेच. पण बंद दाराआड तुम्ही दोघं, हे मला आता डोळ्यांसमोरून हलवता येत नाही.

ताई


१४ एप्रिल

ती. ताईस सा. न.

आज दुकान उघडलं नाही. सकाळचं सगळं तुला लिहून मगच जेवणार आहे.

तुझं पत्र आल्यावर दुसऱ्याच दिवशी पुन्हा पडलो. पन्नास मिनिटं लागली. शेवटी त्याने पायपुसण्यावरूनच हात लांब करून एका बोटाने कडीला शिवलं, आणि मी ताडकन उठून बसलो. तो माझ्याकडे बघत राहिला, हिशेब न जुळल्यासारखा. मग पुन्हा शिवून पाहिलं. मी आपला बसलेलाच. दिवसभर त्याने एकही घडी सरळ घातली नाही.

पुढे तेरा दिवस रोज एकदा. चाळीस मिनिटं, पंचवीस, मधे एक दिवस पुन्हा सत्तर. मग बोटाच्या जागी मूठ आली. अकराव्या दिवशी कडी निघाली. तो आवाज मी जमिनीवरून ऐकला आणि सांगतो तुला, आनंद झाला नाही. बत्तीस वर्षं ज्याच्या भरवशावर झोपलो ते गेलं होतं.

पण नुसतं दार उघडून काय होणार? बोलवायला जायला हवं. संध्याकाळी आम्ही दोघं जिना उतरून, रस्त्याकडेच्या खांबापाशी थांबून, दोन्हीकडे बघून दवाखान्यात जायचो. मी कंपाउंडरांना म्हणायचो, “दादा पडला.” ते म्हणायचे, “चला.” मग तिघं वर यायचो. हे नाटक रोज तीनदा. दवाखान्यातले पेशंट म्हणायला लागले, “दादा, आज पुन्हा पडलात का?”

आज त्याने एकट्याने जायचं असं ठरवलं होतं. कंपाउंडरांना मी शपथ घातली होती. तो आला आणि बोलला, तरच उठायचं. रस्त्यावर यायचं नाही, खिडकीतून बघायचंही नाही. ते म्हणाले, “दादा, काही बरंवाईट झालं तर मला जन्मभर जेवण जाणार नाही.” मी म्हटलं, मलाही.

सव्वासहाला पडलो असतो तर दवाखाना बंद. म्हणून सगळा क्रम पुढे ढकलला, त्यानेच तो आधी बिथरलेला. साडेनऊला मी आडवा झालो. दोनच मिनिटांत कडी निघाली. आजवर इथे मी उठत आलो होतो. आज उठलो नाही.

तो थांबला. कडी लावली, पुन्हा काढली. पुन्हा लावली, काढली. सात वेळा. दर वेळी माझ्याकडे बघत असणार, कारण मधे शांतता. मग जिन्यावर पावलं वाजली, एका वेळी एक पायरी.

दार सताड उघडं होतं. रस्ता सगळा आत येत होता. मी पावलं मोजायचा प्रयत्न केला, पण खाली गेल्यावर ती इतरांच्या पावलांत मिसळली. मग ब्रेक करकचले. मोठ्या गाडीचे. एक माणूस ओरडला, “डोळे कुठे ठेवलेत रे?” आणि त्यानंतर काही नाही.

ताई, खिडकीपर्यंत चार पावलं होती. मी हाताचे तळवे जमिनीला टेकवले होते. खाणीतलं पाणी मी कधी पाहिलं नाही, ते आज पाहिलं. आणि त्याच वेळी हेही कळत होतं, की तो खांबापाशी उभा असेल, वर बघेल आणि खिडकीत मी दिसलो, तर पुन्हा कधीच जाणार नाही. मी तळवे सोडले. देवाकडे काही मागितलं नाही. मागायचं धाडसच झालं नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं. वीस गेली. एवढ्यात तर माणूस तीनदा जाऊन येतो. छातीत ठोका चुकल्यासारखा वाटला, खरा की भीतीचा ते समजेना. तरी पडून राहिलो.

सव्वीस मिनिटांनी जिना वाजला. दोन माणसांचा.

“दादा, उठा आता,” कंपाउंडर म्हणाले. “साहेब पाच पेशंटांच्या मागे रांगेत उभे राहिले हो. मी दिसत होतो, तरी पुढे येईनात. मी कशीबशी औषधं बांधत होतो, एका म्हातारीला दोनदा एकच पुडी दिली. नंबर आला तेव्हा म्हणाले.”

“काय म्हणाले?”

“दादा पडला.”

“आणि ब्रेक?”

“कुत्रं आडवं गेलं. साहेब तोवर खांबापाशीच होते, म्हणतो खालचा पानवाला.”

तो माझ्या उशाशी येऊन उभा होता. कंपाउंडरांची बाही त्याने मुठीत घट्ट धरली होती, सोडत नव्हता. खाली वाकून त्याने माझ्याकडे पाहिलं आणि वाट पाहू लागला.

मग मी उठलो.

दादा